पायथ्याला राहिलेल्या बाया

(खोपोली येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा लिखित मजकूर. बोलण्याचा ढंग शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

मंडळाच्या मुलींनी मला सांगितलं, "ताई, यंदा खोपोलीच्या इतिहासावर बोला. पोरांना शाळेत प्रकल्प असतो, ती विचारतात आणि आम्हाला काही सांगता येत नाही." मी हो म्हटलं आणि मग घाबरले. मी काही इतिहासाची बाई नव्हे. दहावी झाले आणि १९७८ साली, एकोणीस वर्षांची असताना, जावळीतून घाट उतरून लग्न होऊन इथं आले. त्यानंतर इथंच आहे. पण हो म्हटल्यावर वाचायला बसले. जुनं गॅझेटियर मिळवलं, रेल्वेची पुस्तकं मिळवली, म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन बसले. जे कळलं ते सांगते. चुकलं तर तिथंच टोका.

आधी एक विनंती. तुम्ही राहता त्या घराच्या कागदावर तुमचं स्वतःचं नाव आहे, अशा बायांनी हात वर करा. रेशनकार्डावर नव्हे. खरेदीखतावर, सातबाऱ्यावर, नाहीतर मिळकत पत्रिकेवर.

अकरा हात. आपण इथं दीडशे तरी आहोत. हा अकराचा आकडा मनात ठेवा. शेवटी मी त्याच्याकडे परत येणार आहे.

घाटाची गोष्ट

खोपोली म्हणजे बोरघाटाचा पायथा. वर खंडाळा-लोणावळा, खाली पाताळगंगा. देशावरून कोकणात आणि कोकणातून देशावर जाणारा माणूस इथं थांबणार, बैलाला पाणी पाजणार, दम खाणार आणि पुढं जाणार. म्हणून आपल्या गावाचा लिहिलेला इतिहास जवळजवळ सगळा जाणाऱ्या-येणाऱ्यांचा आहे. कोण चढलं, कोण उतरलं, कोणी रस्ता केला, कोणी रूळ टाकले. राहिलं कोण, हे फारसं कोणी लिहिलं नाही.

लिहिलेल्यातही बाई सापडते, नाही असं नाही. आपल्याच खालापूर तालुक्यात चावणीजवळ उंबरखिंड आहे. फेब्रुवारी १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी मुघल सरदार कारतलबखानाला तिथं कोंडलं. शाळेतल्या पोरांना एवढं ठाऊक असतं. त्या मुघल फौजेत एक बाई सरदार होती हे किती जणींना ठाऊक आहे? रायबागन. माहूरकडची, नवऱ्यामागं स्वतः फौज घेऊन लढणारी. पुढं जाता येईना, मागं फिरता येईना, पाणी नाही, अशा वेळी तिनंच खानाला सांगितलं की मुकाट्यानं शरण जा, अभय माग, माणसं वाचव. खानानं ऐकलं आणि माणसं वाचली. ती आपल्या बाजूची नव्हती, म्हणून तिची आठवण ठेवू नये असं थोडंच आहे? वेळेवर शहाणपणाचा शब्द बोलणारी बाई कुठल्याही बाजूची असो, ती आपल्या ओळखीची वाटते.

नंतर पेशवाई आली. वीरेश्वराचं देऊळ आणि शेजारचं दगडी तळं नाना फडणविसांनी बांधलं. महाशिवरात्रीला आपण तिथं रांग लावतो. देऊळ बांधलं ते पुण्यासाठी असेल, पण तळं बांधलं ते घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्यांच्या तहानेसाठी. नाना १८०० साली गेले. तळं अजून आहे.

१८०४ साली इंग्रजांच्या जनरल वेलस्लीनं तोफा जाण्यापुरता घाट दुरुस्त केला. १८३० मध्ये गव्हर्नर माल्कमच्या वेळी गाड्या जातील असा रस्ता खुला झाला. इंग्रज आपल्या गावाला 'कंपोली' म्हणायचे.

जुन्या घाटरस्त्यानं जाताना शिंग्रोबाचं देऊळ लागतं. ड्रायव्हर लोक गाडीतून नाणं टाकून पुढं जातात. गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. घाटातून वाट कुठून काढायची हे साहेबाला कळेना. शिंग्रोबा धनगरानं आपली मेंढरं जातात ती वाट दाखवली. साहेब म्हणाला, बक्षीस माग. तो म्हणाला, आमचा देश आम्हाला परत दे. आणि त्याला गोळी घातली. कागदावर याचा पुरावा शोधू नका, ही लोकांनी जपलेली गोष्ट आहे. मी ती पहिल्यांदा सासूबाईंकडून ऐकली आणि विचारलं, "आणि त्याची बायको?" त्या म्हणाल्या, "असंल की. मेंढरं कोन बगनार हुतं मागं?" बस, तेवढंच. गोष्टीत तिला नाव नाही. पण मेंढरं कोणीतरी सांभाळलीच असणार.

रेल्वेची गोष्ट

१८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली हे सगळ्यांना पाठ असतं. त्यानंतर तीनच वर्षांत, १८५६ मध्ये, गाडी आपल्या खोपोलीत आली. १८५८ मध्ये वर खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत गाडी सुरू झाली. मध्ये राहिला घाट. म्हणजे मुंबईचा माणूस गाडीनं खोपोलीला उतरायचा, इथून पालखी, तट्टू, नाहीतर बैलगाडी करून घाट चढायचा आणि खंडाळ्याला पुन्हा गाडीत बसायचा. त्या चार-पाच वर्षांत खोपोलीत काय गर्दी असेल विचार करा! तेवढ्या माणसांचं खाणंपिणं, मुक्काम, जनावरांचा चारा. भाकऱ्या कोणी थापल्या असतील हे मी सांगायला नको.

मग घाटातला रेल्वेमार्ग बांधला. १८५६ ते १८६३ अशी सात-आठ वर्षं हे काम चाललं. सुमारे १५ मैलांची वाट, १८३१ फुटांची चढण, २५ बोगदे. कडा इतका उभा की सुरुंगाची भोकं पाडायला माणसं दोरानं खाली सोडायचे. १८६१ मध्ये एका वेळी कामावर ४२ हजारांहून जास्त मजूर होते. आज आपली खोपोली भरली आहे असं आपल्याला वाटतं. तेव्हा या डोंगरात ४२ हजार माणसं गवताच्या झोपड्या घालून राहत होती. पटकी आली की वाडीच्या वाडी ओस पडायची. या आठ वर्षांत सुमारे २५ हजार माणसं मेली असावीत, असा अंदाज इतिहासकारांनी मांडला आहे. १८५९ च्या सुरुवातीला मजुरीच्या पैशांवरून मजुरांनी मोठा दंगा केला. मधले ठेकेदार पैसे देत नव्हते. ऐकल्यासारखं वाटतं ना?

त्यानंतर पहिला इंग्रज कंत्राटदार काम सोडून गेला. दुसरा आला सॉलोमन ट्रेडवेल. तो १८५९ मध्ये इथं पोचला आणि काही आठवड्यांतच आजारानं मेला. आता काम कोण करणार? त्याची बायको अ‍ॅलिस ट्रेडवेल म्हणाली, मी करते. परक्या देशात आलेली, नुकतीच विधवा झालेली बाई. तिनं कंत्राट हातात घेतलं, दोन अनुभवी इंजिनिअर कामावर नेमले आणि घाट पुरा करून दिला. १८६३ मध्ये गाडी घाट चढली. हे मी वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. चार जणींना फोन करून सांगितलं.

मग रात्री मनात आलं, अ‍ॅलिसला ते का जमलं? धीराची होती, हे खरंच. पण कंत्राटाचा कागद तिच्या हातात येऊ शकला, हेही तितकंच खरं. त्याच डोंगरात पाट्या वाहणाऱ्या बायका होत्या. मजुरांची कुटुंबंच्या कुटुंबं कामावर असत. पुरुष फोडायचे, बायका-पोरं डोक्यावरून माती आणि खडी न्यायची. त्यातल्या कितीतरी जणी विधवा झाल्या असतील. अ‍ॅलिसचा नवरा ज्या डोंगरात गेला, त्याच डोंगरात त्यांचेही गेले. त्यांच्या हातात कुठला कागद आला? एकीचंही नाव आपल्याला ठाऊक नाही. अ‍ॅलिसबद्दल मला राग नाही, उलट आदर आहे. पण नाव राहायला नुसता धीर पुरत नाही, एवढं मला त्यातून कळलं.

आणखी एक गंमत बघा. गाडी घाट चढली आणि खोपोली मागं पडली. मुख्य मार्ग कर्जत-पळसदरीवरून वर गेला आणि आपल्याकडे उरला फाटा. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, खोपोली. पुढं २००२ मध्ये द्रुतगती महामार्ग पूर्ण झाला, तेव्हाही हेच झालं. जुन्या हायवेवरची हॉटेलं आणि टपऱ्या ओस पडल्या. २०१९ मध्ये 'मिसिंग लिंक'चं काम सुरू झालं, तेही खोपोलीच्याच अंगानं. घाटात पुन्हा बोगदे. दर पन्नास-शंभर वर्षांनी इथं डोंगर पोखरतात, आणि जाणाऱ्याचा अर्धा तास वाचतो. वाचू दे, माझी ना नाही. पण राहणाऱ्याचं काय वाचलं, हेही कोणीतरी मोजायला हवं.

पाण्याची आणि कारखान्यांची गोष्ट

आता वीज. घाटावर पाऊस बेफाम पडतो. तो अडवायचा, नळातून सुमारे १७०० फूट खाली सोडायचा आणि त्यावर वीज करायची, ही टाटांची कल्पना. वर वळवण, लोणावळा आणि शिरोता अशी धरणं झाली आणि खाली खोपोलीत वीजघर. १९१५ साली ते सुरू झालं आणि इथली वीज तारांवरून मुंबईच्या गिरण्यांत गेली. त्या गिरण्यांत रिळिंग-वाइंडिंगच्या खात्यांत आपल्याच कोकणातल्या, घाटावरच्या बायका उभ्या होत्या. म्हणजे खोपोलीचं पाणी आणि आपल्या बायकांचे हात मुंबईत जाऊन भेटले.

धरण म्हटलं की कोणाची तरी जमीन बुडते. घाटमाथ्यावर मुळशीला १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट त्यात होते आणि मावळातल्या बायकाही उतरल्या होत्या. धरणाविरुद्धचा तो देशातल्या पहिल्या लढ्यांपैकी एक. लढा हरला आणि गावं पाण्याखाली गेली. १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर त्या पाण्यावर सुरू झालं. तेव्हा दिवा लावताना कधीतरी आठवण ठेवावी.

वीजघरातून बाहेर पडलेलं पाणी पाताळगंगेला मिळतं, म्हणून आपली नदी उन्हाळ्यातही वाहते. कोकणातल्या बाकी नद्या मार्चमध्ये दगड दाखवतात. बारमाही पाणी, रेल्वे, हायवे आणि मुंबई जवळ. कारखानदारांना आणखी काय हवं? १९६० नंतर इथं पोलाद आलं, पाइप आले, रसायनं आली, कागद आला. खाली रसायनीला मोठी वसाहत झाली. घाटावरचा सातारकर, मराठवाड्याचा दुष्काळी, केरळचा वेल्डर, उत्तरेचा भट्टीवाला, सगळे इथं आले. आपली आजची खोपोली त्यांचीच.

मी आले तेव्हा आम्ही शिळफाट्याकडे चाळीत राहत होतो. दहा बाय बाराची खोली, माणसं सात. नळाला पाणी पहाटे चारला. धुणं नदीवर. वीजघराचं पाणी आलं की नदी चढायची, म्हणून जुन्या बाया आम्हा नव्या सुनांना आधी दगड दाखवायच्या, "हा बुडाला की ऊठ, धुनं ऱ्हाऊ दे." पोहायला कोणाला येत होतं? त्या दगडानं आम्हाला वाचवलं. शेजारच्या मल्याळी बाईला मराठी येत नव्हतं आणि मला तिची भाषा. पण माझ्या पहिल्या बाळंतपणात माझ्या सासूइतकीच ती राबली. नळावर आम्ही झिंज्या उपटून भांडलो आहोत. आणि त्याच बायांनी महिना पाच-पाच रुपयांची भिशी घालून एकमेकींच्या पोरांच्या फिया भरल्या आहेत. समाज-समाज म्हणतात तो हाच, दुसरा कुठला? तो काही कंपनीनं बांधून दिला नव्हता.

मग कारखान्यांना वाईट दिवस आले. माझ्या नवऱ्याची कंपनी बंद पडली. गेटवर नोटीस लागली आणि पुरुष गेटसमोर मांडव घालून बसले. आम्ही घरी काय केलं? मी डबे सुरू केले. आधी चार, मग अठरा. मुंबईत गिरणी कामगारांच्या खानावळवाल्या बायांनी १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांच्याबरोबर 'अन्नपूर्णा' उभी केली, तेव्हा त्यांना बँकेचं कर्ज मिळालं. आम्हाला ते ठाऊकही नव्हतं. मी पाटल्या मोडल्या. कोणी पापड लाटले, कोणी बंगल्यांवर धुणीभांडी धरली. मांडवाचे फोटो पेपरात आले. बरोबरच आहे, लढा होता तो. पण मांडवात बसलेल्याच्या पोटात जो घास गेला, तो कुठून आला ते पेपरात आलं नाही.

वाडीवरच्या बहिणी

हे सगळं बाहेरून आलेल्यांचं झालं. आमच्याआधी इथं कोण होतं? ठाकर आणि कातकरी. पहाटेच्या लोकलला केळवली-डोळवलीला मोळ्या घेऊन चढणाऱ्या बाया तुम्ही पाहिल्या आहेत. आषाढात शेवळं, टाकळा, भारंगी, उन्हाळ्यात करवंदं-जांभळं घेऊन बाजाराच्या कडेला बसतात, पोलीस आला की उठतात. आपण त्यांच्याशी रुपया-दोन रुपयांसाठी घासाघीस करतो. मीही केली आहे.

कातकरी बहीण दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर जाते ती पावसाच्या तोंडाला परत येते. मालकाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची. माती दोघं तुडवतात, विटा दोघं पाडतात, हिशेब नवऱ्याच्या नावानं. तिच्या कामाचा वेगळा पैसा नाही. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं बंद झाली म्हणतात. उचल मात्र चालू राहिली. आणि परत येऊन ती जिथं झोपडी शाकारते, ती जागा बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाच्या सातबाऱ्यावर असते. तीन-चार पिढ्या तिथं राहूनही. आपल्याकडे जमिनीला सोन्याचा भाव आला, बंगले आले, फार्महाउस आली, आणि वाडीला कुंपण पडायला लागलं.

१९ जुलै २०२३ ची रात्र आपल्यापैकी कोणी विसरणार नाही. चौकजवळ इर्शाळगडाच्या अंगावर इर्शाळवाडी होती. ठाकरांची वाडी, गाडी जात नाही, पायवाटेनं चढायचं. सरकारी आकड्यांप्रमाणे ४८ कुटुंबं, २२८ माणसं. रात्री डोंगर खाली आला. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ माणसं मातीतच राहिली. २३ जुलैला शोध थांबवला. काही मुलं आश्रमशाळेत होती म्हणून वाचली. आपल्यातल्या काही जणी भाकऱ्या, कपडे घेऊन पायथ्याला गेल्या होत्या. तिथं काय चाललं होतं आठवतं? याद्या. कोण कोणाचं, घर कोणाच्या नावाचं, मदत कोणाच्या खात्यात. घर गेलं, माणसं गेली, आणि राहिलेल्या बाईला आधी सिद्ध करावं लागतं की मी इथलीच.

कागदाची गोष्ट

आता त्या अकरा हातांकडे येते. आधी माझीच गोष्ट सांगते, दुसऱ्या कोणाची कशाला?

१९९६ मध्ये आम्ही दीड गुंठा जागा घेतली आणि दोन खोल्या बांधल्या. पैसे कुठले? डब्यांचे आणि पाटल्यांचे. खरेदीखत झालं ह्यांच्या एकट्याच्या नावावर. मी त्या दिवशी बरोबर गेलेही नाही, अठरा डबे होते. "तुझं नि माझं वेगळं आहे का?" असं हे म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. माणूस वाईट नव्हता. २००९ मध्ये हे गेले. तेराव्याला दीर म्हणाले, "घर दादाचं, म्हणजे आमच्या आईचं. वहिनी, तुम्ही राहा, आम्ही काय हाकलत नाही." मैत्रिणींनो, 'राहा' हा शब्द मला चाबकासारखा लागला. माझ्या घरात मला राहायची परवानगी!

चार वर्षं मी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. एका टेबलावर मला सांगितलं, "बाई, मुलाला पाठवा." मुलगा तेव्हा बाहेरगावी. मी म्हटलं, घर मी बांधलंय, मीच येणार. शेवटी आपल्या मंडळातल्या दोघी बरोबर यायला लागल्या. तिघी मिळून टेबलासमोर उभ्या राहिलो की आवाज बदलायचा. २०१३ मध्ये माझं नाव लागलं. हा कायदा मला आधी ठाऊक असता तर चार वर्षं रडले नसते. म्हणून तो सांगते, नीट ऐका.

हिंदू वारसा कायदा १९५६ चा आहे. नवरा मृत्युपत्र न करता गेला, तर त्याच्या स्वतःच्या मिळकतीत बायको, मुलगे, मुली आणि नवऱ्याची आई यांना सारखा हिस्सा मिळतो. हे वारस असताना दिराला काही नाही. सासूचा हिस्सा होता, तो मी मानला. शेवटपर्यंत त्या माझ्याकडेच होत्या. मुस्लिम मैत्रिणींचा कायदा वेगळा आहे, पण त्यातही विधवेचा हिस्सा ठरलेला आहे, मुलं असतील तर एक अष्टमांश. मुलींचं म्हणाल तर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मानं हक्क आपल्या महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दिला, केंद्रानं २००५ मध्ये. तेव्हा भाऊबीजेच्या ओवाळणीत हक्कसोड पत्रावर सही मागितली, तर घरी जाऊन विचार करते म्हणा.

शेतजमीन असेल तर वारसानं तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. रडण्यात ते महिने जातात, म्हणून शेजारणीनं आठवण करून द्यायची. नवरा जिवंत असतानाच बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावता येतं. शेतकरी संघटनेनं १९९० च्या सुमारास 'लक्ष्मी मुक्ती' म्हणून हे गावोगाव केलं, तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांनी आपण होऊन बायकोच्या नावानं जमीन केली. नवीन घर घेत असाल तर खरेदीखतावर दोघांची नावं टाका. नुसतं बाईच्या नावानं घेतलं तर २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. नवऱ्याला प्रेमाचं सांगून पटलं नाही, तर पैशाचं सांगा.

ठाकर-कातकरी बहिणींना हिंदू वारसा कायदा लागू नाही. त्यांच्यासाठी २००६ चा वनहक्क कायदा महत्त्वाचा. त्यात स्पष्ट लिहिलं आहे की लग्न झालेल्यांचा वनहक्काचा दाखला नवरा-बायको दोघांच्या नावानं द्यायचा, आणि बाई एकटी घर चालवत असेल तर तिच्या एकटीच्या नावानं. तुमच्या वाडीवर दाखले आले असतील तर उघडून पाहा, तिचं नाव आहे का. नसेल तर आपण बरोबर येऊ.

आणि बायांनो, फक्त कागदानं सगळं होत नाही हेही मला ठाऊक आहे. माझं नाव लागलं त्या वर्षी संक्रांतीला शेजारीण हळदीकुंकवाला बोलवायला आली नाही. घर माझं झालं, पण अंगणातला कार्यक्रम माझा नव्हता. पुढच्या वर्षी मंडळानं ठरवलं की तिळगूळ सगळ्यांना, नवरा असलेल्या, नसलेल्या, सोडलेल्या, न केलेल्या, सगळ्या. पहिल्या वर्षी बारा जणी आल्या. आज तुम्ही इतक्या आहात. दोन्ही कामं बरोबरीनं करावी लागतात.

आता मुलांच्या प्रकल्पाचं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावावंच लागतं. नावांचा क्रम बदलला. आता गोष्टींचाही बदलू या. पोरं खोपोलीचा इतिहास विचारतील तेव्हा घाट सांगा, रेल्वे सांगा, टाटांचं वीजघर सांगा. ते सगळं खरं आहे. मग त्यांना आपल्या आजीकडे पाठवा. तू इथं कधी आलीस, कुठून आलीस, पहिल्या दिवशी चूल कुठं मांडलीस, नदीवरचा दगड कुठला. पोरांनी ते वहीत लिहून आणू दे, आजीच्या पूर्ण नावासकट. त्या वह्या आपण मंडळात ठेवू.

आणि तुमच्यासाठी एक काम. पुढच्या मेळाव्याला येताना आपल्या घराच्या कागदाची एक प्रत पिशवीत घालून आणा. वाचता येत नसलं तरी आणा, वाचायला आम्ही आहोत. मी पुन्हा हात वर करायला सांगणार आहे. अकराचे तीस झाले तरी मी म्हणेन, आपली खोपोली थोडी पुढं गेली.

फार बोलले. चहा थांबला आहे, आणि शेवटची लोकल धरायची आहे त्यांनी आधी निघा.